आटे का जातात?
जुन्या मोटारीच्या तेलशीतकाची दुरुस्ती आणि तिच्यामागचे विज्ञान

घरातला नळ गळू लागला की कोणीतरी म्हणते, "जरा आणखी आवळ, थांबेल." आपण पाना घेऊन जोर लावतो. कधी गळती खरोखरच थांबते. कधी मात्र पाना एकाएकी हलका लागतो, नट नुसताच गरगर फिरू लागतो आणि आपण कपाळाला हात लावतो. आटे गेले! जोर वाढवला तर जोड अधिक घट्ट व्हायला हवा होता. तो निकामी का झाला? आणि गेलेले आटे परत आणता येतात का?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपण एका वर्कशॉपमध्ये जाऊ. पालघर तालुक्यात बोईसरजवळ बेटेगाव आहे. जवळच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. जिथे कारखाने असतात तिथे नळ्या, झडपा आणि पंप असतात आणि त्यांचे आटे दुरुस्त करणारे लेथवालेही असतात. समजा, बेटेगावातल्या अशाच एका वर्कशॉपच्या दारात १९६० च्या दशकातली एक जुनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी, एमजीबी, येऊन उभी राहिली आहे. तिच्या तेलशीतकाच्या तोंडावरचे पहिले दोन आटे चेपले आहेत. मालकाला गाडी मुंबई–अहमदाबाद महामार्गाने न्यायची आहे. इतक्या जुन्या गाडीचा शीतक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. दुरुस्ती केली आणि ती वाटेत सुटली, तर काही मिनिटांत इंजिनातले तेल रस्त्यावर येईल. म्हणजे शीतक तर जाईलच, पण इंजिनही जाईल. फिटरने आता काय करावे?

तेल थंड कशासाठी करायचे?

इंजिनात तेल दोन कामे करते. फिरणारा दांडा आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये ते पातळ पापुद्र्यासारखे पसरते आणि धातूला धातू घासू देत नाही. हे झाले वंगणाचे काम. त्याच वेळी ते त्या जागेची उष्णताही उचलून नेते. पण तेल तापले की पातळ होते. त्याची श्यानता, म्हणजेच दाटपणा, कमी होते. थंडीत थिजलेले खोबरेल तेल आणि तव्यावर तापलेले तेल डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा फरक ध्यानात येईल. तेल फार पातळ झाले की पापुद्रा तुटतो आणि धातू धातूला भिडतो.

म्हणून ज्या गाड्या जोराने आणि बराच वेळ पळवायच्या असतात त्यांच्यात तेलासाठी वेगळा शीतक बसवतात. तो दिसायला रेडिएटरच्या धाकट्या भावासारखा असतो. चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या घड्या. पंप गरम तेल एका तोंडाने आत ढकलतो, वारा त्याची उष्णता घेऊन जातो आणि दुसऱ्या तोंडाने तेल इंजिनाकडे परत येते. अॅल्युमिनियम हलके असते व उष्णता चांगली वाहून नेते, म्हणून असे शीतक पुष्कळदा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे करतात. त्यांच्या दोन्ही तोंडांवर बाहेरून आटे असतात. रबरी नळीच्या टोकाचा पोलादी नट त्या आट्यांवर बसतो.

मऊ अॅल्युमिनियमवर कठीण पोलाद! या जोडीत भांडण झाले तर हार कोणाची होणार हे सांगायला नको.

मळसूत्र म्हणजे गुंडाळलेला घाट

जव्हारकडे जाणारा घाटरस्ता तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. गाडी डोंगरावर सरळ चढत नाही. रस्ता वळणे घेत घेत जातो. वाट लांबते, पण चढ सौम्य होतो आणि थोड्या जोरावर मोठी उंची गाठता येते. मळसूत्र म्हणजे असाच एक रस्ता आहे. तो दंडगोलाभोवती गुंडाळलेला आहे, इतकेच.

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि त्याची उभी बाजू पेन्सिलीवर टेकवून तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. कागदाची तिरकी कडा मळसूत्रासारखी वर चढत गेलेली दिसेल. एका पूर्ण फेऱ्यात ती जितकी वर चढते त्या अंतराला पिच म्हणतात. नट एक फेरा फिरला की तो एका पिचइतका पुढे सरकतो.

आता आपल्या शीतकाचे तोंड मोजू. समजा, व्हर्नियरने बाहेरचा व्यास सुमारे २१ मि.मी. आला आणि आटे मोजण्याच्या दातेरी पट्टीने एका इंचात १४ आटे भरले. म्हणजे पिच २५.४ ÷ १४ = १.८१४ मि.मी. हे माप अर्ध्या इंची ब्रिटिश पाइप आट्यांचे आहे. गंमत पाहा. नाव अर्ध्या इंचाचे, पण तोंडाचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मि.मी.! अर्धा इंच हे माप मुळात पाइपाच्या पोकळीचे होते. आट्यांना तेच नाव चिकटले. तुमच्या घरातल्या नळालाही बहुधा हेच आटे असतील.

तेलाचा जोर की हाताचा?

आटे कशामुळे मोडतात असे विचारले तर बहुतेक जण म्हणतील, "आत तेलाचा दाब असतो ना, त्यामुळे." हे खरे आहे का, ते हिशेब करून पाहू.

अशा इंजिनात चालू स्थितीत तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ किलोग्रॅम असतो असे धरा. तोंडाच्या पोकळीचा व्यास १.५ सें.मी. धरला तर तिचे क्षेत्रफळ सुमारे १.७७ चौ. सें.मी. होते. म्हणजे नळीला बाहेर ढकलणारा जोर ५ × १.७७, म्हणजे जेमतेम ९ किलोग्रॅम वजनाइतका. भरलेल्या एका घागरीहूनही कमी!

आता हाताचा हिशेब. पान्याची लांबी २५ सें.मी. आहे आणि आपण त्याच्या टोकाला १०० न्यूटन जोर लावतो. १० किलोग्रॅम वजन उचलायला साधारण इतकाच जोर लागतो. एका फेऱ्यात हाताने केलेले कार्य २ × ३.१४ × ०.२५ × १००, म्हणजे १५७ ज्यूल होते. तेवढ्यात नट पुढे सरकतो फक्त १.८१४ मि.मी. घर्षण मुळीच नसते तर नट ८६,५०० न्यूटन जोराने ओढला गेला असता! सुदैवाने घर्षण असते. अशा जोडासाठी अभियंते एक सोपे सूत्र वापरतात:

पीळ = ०.२ × व्यास × ताण

पीळ म्हणजे पान्याची लांबी गुणिले हाताचा जोर. आपल्या उदाहरणात तो २५ न्यूटन-मीटर आहे. म्हणून ताण = २५ ÷ (०.२ × ०.०२१), म्हणजे सुमारे ६,००० न्यूटन. हा जोर ६०० किलोग्रॅम वजनाइतका झाला. कार्याच्या शंभर भागांपैकी सातच भाग कामी आले आणि बाकीचे घर्षणाने खाल्ले. पण या घर्षणाला नावे ठेवू नका. ते नसते तर पाना सोडताच नट आपोआप उलटा फिरून सुटला असता.

आता दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. तेलाचा जोर ९ किलोग्रॅम, हाताचा ६०० किलोग्रॅम. आट्यांवरचा भार तेलाचा नसतो, तो आपल्या हाताचा असतो. हे एकदा पटले की दुरुस्तीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

आटा किती सोसतो?

एक आटा म्हणजे दंडगोलाला मुळाशी चिकटलेली एक वर्तुळाकार कड. नट ओढला की ही कड मुळापासून कातरली जाऊ पाहते. आपल्या मापाच्या आट्याचा मधला व्यास १९.८ मि.मी. आहे आणि त्या ठिकाणी कडेची जाडी पिचच्या निम्मी, म्हणजे ०.९ मि.मी. आहे. म्हणून एका आट्याचे कातरले जाणारे क्षेत्रफळ ३.१४ × १९.८ × ०.९, म्हणजे सुमारे ५६ चौ. मि.मी. भरते. समजा, ही मिश्रधातू दर चौ. मि.मी. ला १०० न्यूटन इतका जोर सोसते. मग एक आटा सुमारे ५,६०० न्यूटन सोसेल.

शीतकाचे तोंड ११ मि.मी. लांब असेल तर त्यावर सहा आटे बसतात. सहांची कागदावरची ताकद ३३,६०० न्यूटन झाली. लावलेला भार ६,०००. म्हणजे पुष्कळ ताकद शिल्लक आहे.

मात्र सगळे आटे भार सारखा वाटून घेत नाहीत. रस्सीखेचीत ज्याच्या हाताला दोर आधी ताठ लागतो त्याला जसा जास्त ताण बसतो, तसेच येथे होते. भाराच्या बाजूचा पहिला आटा एकटाच सुमारे एक तृतीयांश भार घेतो, दुसरा त्याहून कमी आणि मागचे अगदी थोडा. आपल्या जोडात भाराची बाजू म्हणजे तोंडाची बाजू. नट वाकडा लावला की प्रथम चेपतात तेही तोंडाकडचेच आटे! ज्यांनी सर्वांत जास्त ओझे उचलायचे तेच जायबंदी होतात.

तरीसुद्धा पहिले दोन आटे बाद धरले आणि मागचे चार शाबूत असले तर काय होईल? त्यांतल्या पहिल्याने ४० टक्के भार घेतला असे मानले, तरी तो २,४०० न्यूटन होतो. सोसण्याची मर्यादा ५,६०० आहे. म्हणजे जोड टिकेल. अट एकच. हात आवरायला हवा.

हात आवरला नाही तर? समजा, कोणी पान्याला पाइपाचा तुकडा जोडून त्याची लांबी ६० सें.मी. केली आणि ३०० न्यूटन जोर लावला. पीळ १८० न्यूटन-मीटर झाला आणि ताण जवळजवळ ४३,००० न्यूटन. सहाच्या सहा आटे नवेकोरे असले तरी ते सोलून निघतील. "आणखी आवळ" या सल्ल्याचे उत्तर हे असे आहे.

चुकीचा नट दोन फेरे बसतो

मग आपल्या गाडीचे आटे चेपले कसे? बहुधा कोणीतरी भलताच नट बसवला असावा. बाजारात २२ मि.मी. व्यासाचे आणि १.५ मि.मी. पिचचे मेट्रिक नट मिळतात. आपल्या तोंडाचा व्यास २१ मि.मी. च्या आसपास आहे. असा नट हाताने लावला तर किंचित सैल लागतो, पण बसतो. "बसला की!" म्हणून माणूस पाना लावतो.

पिच मात्र वेगळे आहे. दर फेऱ्याला १.८१४ उणे १.५, म्हणजे ०.३१४ मि.मी. फरक पडतो. तीन आट्यांत तो ०.९४ मि.मी. होतो. हा फरक निम्म्या पिचहून जास्त आहे. म्हणजे तिसऱ्या आट्यापाशी नटाची कड शीतकाच्या खाचेत न जाता थेट कडेवरच चढते. पोलाद कठीण, अॅल्युमिनियम मऊ. कड चेपते.

आट्यांच्या मापांचा हा गोंधळ फार जुना आहे. पूर्वी प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडी. १८४१ मध्ये इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि एक प्रमाण सुचवले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स याने ६० अंशांचे आटे सुचवले. प्रमाण पाळले नाही तर काय होते, हे १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर शहराने अनुभवले. प्रचंड आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून बंब धावून आले, पण पुष्कळांच्या नळ्या बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांवर बसेनात. आटे निराळे! सुमारे १,५०० इमारती जळाल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात इंग्लिश आणि अमेरिकन यंत्रांचे सुटे भाग एकमेकांना चालेनात. तेव्हा १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच ६० अंशांचा आटा मान्य केला. मेट्रिक आट्याचा कोनही ६० अंशांचाच आहे.

आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली. पण पाइपांचे आटे ब्रिटिश वळणाचेच राहिले. म्हणून बोईसरच्या एकाच दुकानात दोन्ही घराण्यांचे नट शेजारी शेजारी ठेवलेले सापडतात. घेणाऱ्याने मोजून घ्यावेत.

खारा वारा आणि पांढरी पूड

किनारपट्टीच्या गाड्यांना आणखी एक दुखणे असते. चिंचणी–तारापूरचा समुद्र बेटेगावपासून फार दूर नाही. पावसाळी, खारट दमट हवा आट्यांच्या फटीत शिरली की एका बाजूला अॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला पोलाद आणि मध्ये मिठाचे पाणी असा थाट जमतो. हा तर एक विद्युत् घटच झाला! प्रयोगशाळेत तुम्ही तांबे आणि जस्त यांच्या पट्ट्या वापरता. येथे जस्ताची जागा अॅल्युमिनियम घेते आणि तेच झिजते. झिजेतून पांढरी पूड तयार होते. मूळ धातूपेक्षा ती जास्त जागा व्यापते. फट भरून जाते आणि नट जाम होतो. मग जोराने पाना फिरवला की नटाबरोबर शीतकाचे पातळ नरडेच पिळवटून फाटते. म्हणून असा नट सोडवताना नेहमी दोन पाने वापरावेत. एकाने शीतकाचे षट्‌कोनी तोंड धरून ठेवायचे आणि दुसऱ्याने नट फिरवायचा.

दुरुस्ती: चांगल्याकडून वाइटाकडे

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कामाचे पहिले सूत्र असे: होता होईल तो धातू कापायचा नाही, चेपलेला धातू जागेवर आणायचा.

पहिली पायरी सफाईची. तोंडात चिंधीचा बोळा घट्ट बसवावा. कीस आत गेला तर तो तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोचेल. मग रॉकेल आणि ब्रश घेऊन आटे स्वच्छ करावेत व भिंगातून पाहावेत. कोणते आटे चेपले आहेत, कोणते नुसते मळले आहेत आणि कोणते मुळातूनच गेले आहेत, याची नोंद करावी.

दुसरी पायरी कानशीची. चेपलेल्या कडेवरचा टोकदार उंचवटा बारीक तिधारी कानशीने हलकेच काढतात. येथे भूमितीतला एक मुद्दा आहे. तिधारी कानशीचा छेद समभुज त्रिकोण असतो, म्हणजे तिची धार ६० अंशांची. आपली खाच ५५ अंशांची. ६० अंशांची पाचर ५५ अंशांच्या खाचेत तळापर्यंत जात नाही. ती वरच्या कडांनाच टेकते. उंचवटा काढायला ती चालेल, पण तळ गाठण्याचा हट्ट धरला तर चांगला आटा रुंद होईल. इंचाला १४ दात असलेली खास आट्यांची कानस मिळाली तर उत्तमच.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. येथे नवशिका डाय घेतो आणि तोंडाकडून फिरवू लागतो. पण तोंडाकडचेच आटे तर बिघडलेले आहेत. डायला वाट दाखवणारे कोणी नाही. ती किंचित तिरकी बसते, नवीच खाच पाडत जाते आणि मागचे चार चांगले आटेही कापून टाकते. दुरुस्तीच्या नावाखाली शीतक कायमचा जातो.

जाणता फिटर उलट बाजूने येतो. लेथवर नीट आटे पाडलेला त्याच मापाचा एक पोलादी नट तो घेतो आणि हॅकसॉने उभा कापून त्याचे दोन अर्धे करतो. कापलेल्या कडांवरची खरखर कानशीने काढतो. मग हे दोन अर्धे तो मागच्या शाबूत आट्यांवर दोन्ही बाजूंनी ठेवतो आणि क्लॅम्पने बेताने आवळतो. आता नटाच्या खाचा चांगल्या आट्यांत अचूक बसलेल्या असतात. रॉकेलचे दोन थेंब सोडून तो हा जोडनट सावकाश डावीकडे, म्हणजे सोडवण्याच्या दिशेने फिरवतो. अॅल्युमिनियमच्या कामाला रॉकेल चांगले, कारण धातू नटाला चिकटत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागचे चांगले आटे नटाला वाट दाखवतात आणि नट बाहेर येता येता चेपलेल्या कडांना पुन्हा आपल्या रेषेत ढकलतो. तोंडावरून नट बाहेर आला की क्लॅम्प सोडायचा, पुसायचे, पुन्हा मागे बसवायचा, किंचित जास्त आवळायचा आणि पुन्हा फिरवायचा. चार-पाच वेळा असे केले की बहुधा काम होते. नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. पाना लागला तर काम अजून बाकी आहे.

आटे मुळातूनच गेले असतील आणि तीनहून कमी शाबूत असतील तर हा उपाय करू नये. मग तोंड कापून नवे तोंड आर्गॉन वायूच्या संरक्षणात वेल्डिंगने जोडावे लागते. ते कसबी माणसाचेच काम. अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळते आणि तोवर लोखंडासारखे लालही होत नाही. पाहता पाहता नळी ओघळून जाते. शिवाय आत राहिलेल्या तेलाची वाफ पेट घेऊ शकते.

गळती आटे थांबवत नाहीत

नळजोडणारा आट्यांवर सूत किंवा टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतो. येथेही तसेच करावे का? नाही. नळाच्या पाइपाचे आटे निमुळते असतात आणि गळती त्या आट्यांतच थांबवायची असते. शीतकाच्या तोंडाचे आटे समांतर असतात. त्यांचे काम फक्त ओढून धरण्याचे. तेल अडवते ती तोंडाच्या आतली शंकूच्या आकाराची बैठक. तिच्यावर नळीचे टोक दाबून बसते. पट्टीचा तुकडा सुटून आत गेला तर मात्र तो तेलाची वाट अडवेल.

म्हणून बैठक तपासावी. तिच्यावर पेन्सिलीने काही आडव्या रेघा ओढाव्यात, नळीचे टोक टेकवून किंचित फिरवावे आणि काढून पाहावे. सर्व रेघा एकाच वलयात पुसल्या गेल्या असतील तर बैठक चांगली आहे. मध्येच एखादी रेघ तशीच राहिली तर तेथे खड्डा आहे. तो कितीही आवळून भरून येणार नाही.

शेवटी बोळा काढून शीतक दोन्ही तोंडांनी रॉकेलने धुवावा. मग एक तोंड बंद करून त्यात पातळ तेल भरावे आणि हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन अर्धा तास ठेवावे. दाबाचा काटा खाली येऊ नये. ही चाचणी हवेने करण्याचा मोह टाळावा. हवा दाबली की स्प्रिंगसारखी आकसते आणि फुटली की उसळते. तेल फारसे आकसत नाही, त्यामुळे जोड सुटलाच तर दाब क्षणात उतरतो आणि इजा होत नाही.

बसवताना नट प्रथम उलटा फिरवावा. आट्याचे टोक टोकावरून उतरले की हाताला बारीक 'टक्' जाणवते. तेथून सुलटा फिरवावा. नट वाकडा बसण्याचा प्रश्नच राहत नाही. आट्यांना तेलाचे बोट लावावे, पण तेव्हा घर्षण कमी होते आणि त्याच जोराने ताण वाढतो, हेही लक्षात असावे.

घरची फियाट

आपल्या देशातल्या सर्वांत परिचित जुन्या गाडीला, मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या फियाट ११०० ला, असा वेगळा तेलशीतक नव्हता. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यांवर ती टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. पण आट्यांचे दुखणे तिलाही होते. तिच्या इंजिनाचे डोके अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आणि त्यात बसणारा स्पार्क प्लग पोलादी. घाईत वाकडा लावलेला किंवा अति आवळलेला प्लग भोकातले आटे घेऊन बाहेर येई. तेथे आटे आतल्या बाजूला असल्याने उपाय निराळा असतो. भोक थोडे मोठे करून नवे आटे पाडतात आणि त्यात पोलादी तारेचे मळसूत्री वेटोळे बसवतात. मऊ धातूवरचा भार त्यामुळे मोठ्या व्यासावर पसरतो. कधीकधी दुरुस्त केलेला जोड मुळापेक्षाही दणकट होतो.

बेटेगावच्या आपल्या फिटरने काय केले? त्याच्याजवळ फार महाग हत्यार नव्हते. एक कापलेला नट, एक कानस, थोडे रॉकेल आणि २५ सें.मी. चा पाना. पाइपाचा तुकडा लावून लांब केलेला पाना त्याने हातात घेतला नाही, यातच निम्मी दुरुस्ती झाली.

करून पहा

१. घरातल्या बरणीचे झाकण डोळे मिटून आधी उलटे फिरवा. 'टक्' कुठे जाणवते? एका फेऱ्यात अशा किती जागा येतात? त्यावरून झाकणाला आट्यांच्या किती सुरुवाती आहेत ते सांगा.

२. अर्ध्या इंची पाइपाच्या तुकड्याचा बाहेरचा व्यास आणि एका इंचातले आटे मोजा. लेखातल्या आकड्यांशी ताडून पहा.

विचार करा

१. पोलादी नट अॅल्युमिनियमच्या तोंडावर जाम झाला आहे. दोन्ही मिळून उकळत्या पाण्यात बुडवले तर नट सुटेल की आणखी घट्ट होईल? (अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते.)

२. १५ सें.मी. आणि ३० सें.मी. लांबीच्या पान्यांना सारखाच जोर लावला. आट्यांवरच्या ताणांचे गुणोत्तर काय?

उत्तरे: १. आणखी घट्ट होईल, कारण आतले तोंड बाहेरच्या नटापेक्षा जास्त फुगेल. उष्णता द्यायचीच तर ती फक्त नटाला आणि झटपट द्यावी. २. १:२.